घरमालकाच्या घरचं पाणी

घर बघायला गेलेली माणसं नळ सोडून बघतात, संडासाची कडी लागते का बघतात, भिंतीवरून हात फिरवून ओल शोधतात. मी आधी मालक बघते. भिंतीला ओल आली तर चुना मारता येतो. मालकाला काय मारणार?

ही खोड मला जन्मतः नव्हती. नाशिक रोडला ज्या घरात आम्ही बरीच वर्षं भाड्याने राहिलो, तिथल्या मालकाने ती लावली. माणूस तसा गोड होता. दिवाळीला डबा पाठवायचा, आईला मावशी म्हणायचा. वडील होते तोवर सगळं सुरळीत चाललं, कारण वडिलांना वाद नको असायचा. निळ्या कोटातला आमचा तो फोटो त्यांनी आतल्या खोलीत कपाटाशेजारी लावला होता. निळ्या कोटातला म्हणजे कोणाचा, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. वडिलांनी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा जी चैनीची वस्तू केली ती या फोटोची शिसवी चौकट. पण तो लावायचा आत, असं त्यांचं म्हणणं. आपलं आपल्यापाशी, कशाला लोकांच्या डोळ्यांवर आणायचं?

वडील गेल्यावर आईने एका सकाळी स्टुलावर चढून फोटो काढला, पुसला आणि हॉलमध्ये दारासमोर लावला. मी कॉलेजातून शिकवून घरी आले तर ती समोर बसून चहा पीत होती. मला म्हणाली, "आता हा आत जायचा नाय." त्या वर्षी जयंतीला तिने बाल्कनीत हातभर झेंडाही लावला आणि विहारातल्या बायकांना खिरीला बोलावलं. पुढच्याच महिन्यात मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं, त्यामुळे त्यांना घर रिकामं हवं झालं. मुलगी बारावीत होती. मी तिला शिकवत होते. लग्नाची बातमी तिला माझ्याकडून कळली.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत घर शोधायचं होतं, जून उजाडायच्या आत. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या. डॉक्टरांनी जिना चढू नका असं बजावलेलं. म्हणजे तळमजला पाहिजे. आणि हॉलमध्ये दारासमोरची एक भिंत पाहिजे. मागणं इतकंच होतं, पण दोन्ही एकाच घरात मिळेना. तळमजला होता तिथे मालक नको तसला, आणि मालक बरा होता तिथे तीन जिने.

एजंट लोकांचं तर विचारूच नका. फोनवर घराचं कौतुक संपलं की आवाज खाली यायचा आणि प्रश्न यायचा, "मॅडम, तुमचं कसं काय?" घरात कोणाला काही लागणीचा आजार आहे का, अशा सुरात. मी मुद्दाम म्हणायचे, "माझं बरं आहे, तुमचं?" मग तो खोकायचा आणि शाकाहाराच्या प्रश्नाकडे वळायचा. मला या लोकांशी सरळ बोलायची इच्छाच राहिली नव्हती. मग मीही ठरवलं की ते विचारतात तर आपणही विचारायचं. मागचे भाडेकरू का गेले? त्यांचा नंबर द्या, मी बोलते त्यांच्याशी. दुसरी किल्ली तुमच्याकडे राहणार का? न सांगता घरात येता का? पाहुणे आले तर मोजता का? मालक मंडळींना याची सवय नाही. जेलरोडचे एक गृहस्थ सोफ्यात पुढे सरकून म्हणाले की मॅडम, घर मी देतोय. मी म्हणाले, हो, पण राहणार मी आहे. त्यांनी घर दिलं नाही.

आईला माझ्या या उलटतपासणीचं हसू यायचं. ती म्हणायची, तोंडाने काय, कोणीबी गोड बोलतं. तिची स्वतःची एकच परीक्षा होती. मालकाच्या घरी बसलं की पाच मिनिटांनी ती पदराने कपाळ पुसायची आणि पाणी मागायची. बस. पाणी कशातून येतं, कोण आणतं, हातात देतं की टेबलावर ठेवून मागे सरकतं, आणि आपण पिऊन झाल्यावर तो पेला कुठे जातो, हे ती बघायची. घरातल्या भांड्यांबरोबर मोरीत गेला तर ठीक. बाहेरच्या पायरीवर पालथा पडला तर चप्पल घालायची.

मला हे जुनाट वाटायचं आणि रागही यायचा. तिचं माहेर चांदवडकडचं, सासरही तिथलंच. लहानपणी दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला गेल्यावर विहिरीवरच्या बाईने वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलेली ती बाई. ती गोष्ट तिने मला सगळी कधी सांगितली नाही. एकदाच म्हणाली होती की पाणी कोपरावरून सगळं अंगावर जातं, पोटात थोडंच जातं. पण ते गाव होतं आणि तो काळ होता. आता शहरात सगळेच पाहुण्याला बाटली देतात, स्वच्छता म्हणून, असं मी तिला समजवायचे. ती म्हणायची, "कळतंय की."

आणि तिला कळायचं. जेलरोडच्याच दुसऱ्या घरी तिला कागदी कपात पाणी आलं, आणि मालकाचा चहा चिनी मातीच्या कपात. उपनगर नावाच्या भागात एका बाईंनी नळाला पाणी आलं नाही असं सांगितलं, तेव्हा मागच्या अंगणात त्यांचीच मोलकरीण धो धो पाणी सोडून गोधड्या धूत होती. आई उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, चल, यांच्याकडं टंचाई हाय. रिक्षात मी हसले, पण तळपायाची आग मस्तकात गेलेली होती.

मग ते बंगलीवजा घर सापडलं. एजंट नव्हता, गेटवर हाताने लिहिलेली पाटी होती. वर मालक-मालकीण, खाली दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर; भाडेकरू मिळेपर्यंत दोघं खालचाच हॉल आणि स्वयंपाकघर वापरत होती. एक पायरी, तीही बुटकी. हॉलमध्ये दारासमोर एक कोरी, रुंद भिंत, जणू कोणी आमच्यासाठीच मोकळी ठेवलेली. आणि विहार दोन गल्ल्यांवर. आई काठी टेकत रोज वंदनेला जाऊन येऊ शकली असती. मी मनात सामानसुद्धा लावून टाकलं.

मालक सिन्नरकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बसायला सांगितलं आणि आडनाव विचारलं. आडनाव मी सांगितलं. गाव विचारलं. आईने चांदवडजवळचं आपलं गाव सांगितलं. मालकांचा चेहरा उजळला. आमचं आडनाव त्या भागातल्या बागायतदार घरांतही आहे आणि आमच्या वस्तीतही. मालकांना त्यातलं एकच माहीत होतं. ते म्हणाले, "म्हंजे पाहुणेच निघालो की. आमची थोरली सून तिकडचीच हाय."

मी तोंड उघडणार होते. पण त्यांनी मला विचारलं काहीच नव्हतं, त्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्या माणसाने हिशेब स्वतःच मांडला आणि स्वतःच सोडवला, त्याची चूक मी का सुधारू? असं मी मनाशी म्हटलं आणि माझी नेहमीची प्रश्नावली काढली. मागचा भाडेकरू बदली होऊन गेला होता. मी तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला की माणसं लाखात एक. किल्ली एकच, ती तुमच्याकडे. न सांगता येत नाहीत. पाहुणे मोजत नाहीत. माझ्या प्रश्नांवर मालक हसले, म्हणाले की पोरगी हुशार आहे.

आईने कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं. मालकीणबाई स्वतः उठल्या. घासून लख्ख केलेला तांब्या आणि वर उपडा पेला घेऊन आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि हातात पेला दिला. आई प्यायली. मग त्या बाईंनी त्याच पेल्यात स्वतःला पाणी ओतून घेतलं, तोंड लावून प्यायल्या आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली. स्वतःचे गुडघेही तसेच, म्हणाल्या. लसूण आणि ओवा तिळाच्या तेलात कडवून रोज चोळायचं, आठ दिवसांत फरक पडतो. आईचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला होता. इतक्या घरांत आईला असं कोणी शिवलं नव्हतं.

परत येताना रिक्षात आई मांडीवरचा पदर सारखा करत होती. मला वाटलं खूश आहे. मी म्हणाले, पास झाले ना? तर म्हणाली, "कुठलं पास? आपुन कोन हे माहीत नसताना दिलेलं पाणी ते. सांगून टाकू. मग प्यायला दिलं तर घर आपलं."

मी चिडले. इतकं चांगलं घर, इतकी बुटकी पायरी, आणि हिला परीक्षा पुन्हा घ्यायची आहे. आपण खोटं बोललो नाही, करार होऊ दे, सामान आत जाऊ दे, मग फोटो लावू, मग काय करतील, असा माझा डाव होता. अकरा महिने तरी कोणी हलवू शकणार नाही. आई म्हणाली, अकरा महिने चोरावानी ऱ्हायचं का? मी आणखी चिडले.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. आईने फोटो पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. मालकांनी गेटपाशी येऊन या या केलं. हॉलमध्ये गेल्यावर आईने बसायच्या आधीच टॉवेल सोडला, त्या भिंतीपाशी गेली, फोटो दोन्ही हातांनी वर धरला आणि विचारलं, "इथं एक खिळा मारला तर चालंल का?"

मालकांनी फोटो बघितला. मालकीणबाईंनी बघितला आणि मग आईकडे बघितलं.  चौकट जड आहे, पण आईने ती खाली घेतली नाही. शेवटी मी जाऊन एक बाजू धरली.

"अच्छा, अच्छा," मालक म्हणाले. मग ते बरंच बोलले. त्यांच्या ऑफिसात आमचे किती लोक होते, एकाच्या पोराच्या लग्नाला ते स्वतः गेले होते आणि पंगतीत बसून जेवले होते, हे त्यांनी सांगितलं. जेवले होते यावर जरा जोर होता. आम्ही असलं काही मानत नाही, असंही म्हणाले. हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे की पुढे काय येणार ते मला अगोदर कळतं. पण या वेळी मी चुकले. त्यांनी घर नाकारलं नाही. घर तुम्हालाच देतो, शब्द दिलाय, असं म्हणाले. फक्त फोटो आतल्या खोलीत लावा. येणारे-जाणारे असतात, सुनेच्या माहेरची माणसं येतात, कशाला उगाच. आत काय नि बाहेर काय, श्रद्धा मनात असते.

मी आईकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तिने हो म्हणावं असं वाटलं. तिचे गुडघे मी रोज बघत होते. सकाळी पलंगावरून उतरताना ती ओठ कसे आवळते ते बघत होते. बुटकी पायरी, दोन गल्ल्यांवर विहार, आणि त्या बदल्यात एक खिळा आतल्या भिंतीत. वडिलांनी हाच सौदा आयुष्यभर केला होता. ते काही भेकड नव्हते. दमलेले होते.

आईने फोटो खुर्चीवर टेकवला, शेजारी बसली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, पाणी द्या जरा.

मालकीणबाई आत गेल्या. त्यांना वेळ लागला. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, पुन्हा उघडल्याचा आला. बाहेर आल्या त्या ट्रे घेऊन. ट्रेमध्ये पाण्याची सीलबंद बाटली, लग्नात वाटतात तसली छोटी. त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि मागे सरकून दारात उभ्या राहिल्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या की फिल्टर बिघडलाय. त्यांच्या पाठीमागे ओट्यावर तो लख्ख तांब्या दिसत होता, वर पेला उपडा घातलेला.

आईने बाटलीला हात लावला नाही. मालकीणबाईंकडे बघून, अगदी शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "मागच्या खेपेला तांब्यातलं दिलं होतं. लय गोड होतं. तेच द्या."

त्या बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. ओट्यापर्यंत चार पावलं होती. त्या वळल्यासुद्धा, असं मला वाटलं, खांदा जरा वळला. मग तो तसाच राहिला. याच बाईंनी आठवड्यापूर्वी आईचा हात धरला होता, त्याच पेल्याला तोंड लावलं होतं. त्या हाताला आता काय झालं होतं? त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना लाज वाटत होती, ती मला दिसत होती. पण लाज वाटते म्हणून मी कोणाला माफ करत नाही. चार पावलं चालायची होती, त्या चालल्या नाहीत.

आई उठली. फोटो पुन्हा टॉवेलात गुंडाळला, गाठ मारली. मला म्हणाली, चल. मी घरमालकांना सुनवायच्या कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षं मनात घोळवलेल्या आहेत, आंघोळ करताना, पेपर तपासताना. त्यातली एकही आठवली नाही. मी एवढंच म्हणाले की आम्हाला पसंत नाही.

मालकांना ते खरोखर कळलं नाही. नकार द्यायचा तो त्यांनी, आम्ही कसा? ते म्हणाले, "का? काय कमी हाय घरात?"

"घर चांगलं आहे," मी म्हणाले. "मालक पसंत नाही."

गेटपर्यंत ते मागे आले. त्यांचा आवाज आता चढला होता. तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं, असं ते म्हणत होते, फसवलंत आम्हाला. मी मागे वळून त्यांना विचारणार होते की काय सांगायचं होतं आधी, काय रोग सांगायचा राहिला होता? पण आईला ती बुटकी पायरी उतरायला माझा हात लागत होता, आणि तिचा हात सोडून भांडणं मला जमलं नाही. बाटली तिथेच टीपॉयवर राहिली, सील न तोडलेली. त्यातलं पाणी पुढे कोणी प्यायलं असेल का, याचा मी अजून विचार करते.

शेवटी आम्ही देवळाली गावाकडच्या एका जुन्या इमारतीत आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हे घर दाखवताना रिकामं होतं, पेला-तांब्या काहीच नव्हतं, त्यामुळे आईची परीक्षा झाली नाही. तीन जिने चढून ती इतकी धापा टाकत होती की पाणी मागायलाही दम उरला नव्हता. फोटो मात्र बरोबर आणला होता. मालकाने तो बघितला आणि म्हणाला की भिंत तुमची, फक्त जाताना भोकं बुजवून द्या. मी माझे सगळे प्रश्न विचारले. अर्ध्यांची उत्तरं त्याने दिली, अर्ध्यांना खांदे उडवले. आई म्हणाली, हेच घ्यायचं. मी जिन्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "मी वरती बसंन. तो समोर ऱ्हाईल."

पहिल्या महिन्यात मालक मीटरचं काही बघायला वर आला. घामाघूम झाला होता. दारातच चप्पल काढली, हॉलमध्ये बसला आणि म्हणाला, ताई, पाणी द्या जरा. मी आत गेले. आमच्याही फ्रिजमध्ये बाटल्या असतात. मी तांब्या भरला, पेला घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. तो पेल्याला तोंड लावून प्यायला आणि पेला पुढे करून आणखी मागितलं. आई आतल्या दारातून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, माणूस बरा हाय. मी म्हणाले, तहान लागली होती, पाणी प्यायला, यात बरा कसला? एवढ्यासाठी मी कोणाचे आभार मानणार नाही. मानलेही नाहीत.

फोटो दारासमोर आहे. आई त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसते. विहारात ती इथे आल्यापासून एकदाच गेली, जयंतीला, आणि परत चढताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून राहिली. आता बायकाच अधूनमधून वर येतात. खालचा रस्ता तिला गॅलरीतून दिसतो.

कॉलेजला जाताना माझी बस त्या बंगलीवरून जाते. गेटवर पाटी अजून तशीच आहे. आई कधीकधी विचारते की लागलं का कोणी तिथं, आणि मी नाही म्हणते, आणि मला त्याचा आनंद होतो, तो मी लपवत नाही.  ती वाटीतलं तेल तळहातावर घेते आणि गुडघ्याला चोळायला लागते. तिळाचं तेल, त्यात ओवा आणि लसूण कडवलेला. त्या बाईंनी सांगितलेलं. आठ दिवसांत नाही, पण फरक पडला, असं ती म्हणते. सगळ्या घरात तोच वास असतो. मी खिडक्या उघडते, आणि ती म्हणते, ऱ्हाऊ दे, वारं लागतंय गुडघ्याला.